पाखरांची मूठ

पाणबोरी, ता. अंबड
८ डिसेंबर २०२४

मामा, जयभीम.

तुम्ही जालन्याला लेकीकडं जाऊन आज अकरा दिवस झाले. फोन लावला की उषाअक्का म्हणतात, दादा फोनवर येत न्हाईत. आन् फोन तरी माझ्याजवळ कुठं राहतो, हे कामाला घेऊन जातात. म्हून लिवून राह्यले. तुम्हाला वाचता येत न्हाई ते मला ठाऊक हाय, मोनाली वाचून दाखवंल. मोनाली, बाई, मामीचं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं हाय, हसू नको. आन् जे लिवलंय तेवढंच आबाला वाच, मनानं जोडू नको.

बोधी बरी हाय. खाली दोन दात आलेत. ऑक्टोबरात जालन्याला दवाखान्यात नळी लावली व्हती तवापासून तिला जरा खोकला आला की मी रातभर उशाशी बसते. पण आता बरी हाय. तुमच्या खाटंला धरून उभी राहती आन् 'बा बा' करती. खाट मोकळी हाय ते तिला कळत न्हाई.

तळ्यावर तुमच्या जागी वनखात्यानं मच्छिंद्रला ठिवलं. फाट्यावरच्या हॉटेलवाल्या बद्रीनाथचा साडू हाय तो. दिवसभर 'पक्षी राखीव, विणीच्या काळात आत येऊ नये' त्या बोर्डाखाली बसतो आन् मोबाइल बघतो. मी इचारलं, दादा, आज किती बसले? तर म्हणला, "कोण बसले?" म्हणलं, पाखरं. म्हणला, "लई हायेत. बगळे." चित्रबलाक बी बगळा, चमच्या बी बगळा, सगळेच बगळे. तुम्ही असते तर काठी घेऊन मागं लागले असते.

तुमच्या खोपीच्या भिंतीवरल्या चुन्याच्या रेघा तशाच हायेत. एका घरट्याला एक रेघ, पिल्लं दिसली की रेघंच्या डोक्यावर टिंब, पिल्लं उडाली की आडवी रेघ. मी आता बोधीला कडेवर घेऊन सकाळी जाते आन् मोजते. तुम्हीच सांगतलं व्हतं ना, पाखरू बसल्यावर मोजायचं, उडताना न्हाई. मच्छिंद्र काही म्हणत न्हाई. त्याचं अर्धं काम व्हतंय.

आजची मोजणी अशी. पाण्यातल्या बाभळीवर चित्रबलाकाची अठ्ठावीस घरटी. चमच्याची अकरा. पलीकडच्या काठाला गवतात बदकाची तीन.

एक इचारायचं व्हतं. चुलीमागं आत्याबाईचं बियाचं गाडगं दिसत न्हाई. तुम्ही नेलं का? न्हाई तर इथं शोधावं लागंल.

जेवत जा.

शीला


२२ डिसेंबर

मामा,

मोनालीची चिठ्ठी भेटली. तिनं लिवलं, 'मामी, आबांनी सगळं ऐकलं. शेवटी म्हणले, पलीकडच्या काठाला तीनच का? तिथं सात असतात.' गाडगं तुम्हीच फडक्यात बांधून नेलं ते बी तिनं लिवलं. बरं झालं. आत्याबाईची, मोनालीच्या आजीची, तेवढीच एक वस्तू राह्यलीय.

तिकडं जालन्यात मस्तगडात श्रेणिक शेठच्या गोदामाच्या दारात राखणीला बसता म्हणं. खुर्ची दिलीय म्हणं. खुर्चीवर तुम्ही कसे बसत असाल ते काही माझ्या डोळ्यापुढं येत न्हाई. तुम्ही सदा उकिडवे.

पलीकडच्या काठाला परत गेल्ते मी. सातच हायेत. माझीच नजर चुकली व्हती.

आता एक गोष्ट लिवते. मोनाली, तू शहरातली, तुला ठाऊक नसंल म्हून सांगते. तळ्याचं पाणी मागं सरकलं की जो गाळ उघडा पडतो त्यात पेरतात, त्याला गाळपेरा म्हणतात. आपल्याला दुसरं रान न्हाई. तुझ्या पणज्यापासून आपली हीच पट्टी, पलीकडच्या काठाला. तीन वर्षांखाली तळं राखीव झालं, तवापासून पेरायला बंदी हाय, पण तुझे आबा त्याच्या लई आदीपासून तिथलेच राखणदार, साहेब लोक बघून न बघितल्यासारखं करायचे.

मामा, ते यांनी न्हाई केलं.

त्या दिवशी साहेबांनी मेलेली बदकं गोणपाटावर वळीनं मांडली व्हती. सतरा बदकं. सगळी हळदीकुंकवाची, चोचीच्या टोकाला पिवळी आन् कपाळाला लाल टिपका असलेली. आन् दोन पाणकोंबड्या. एकाचं पोट फाडलं तर गुलाबी मका निघाली. औषध चोळलेली. आख्ख्या काठाला आदल्या दिवशी मका पेरलेली फक्त आपली पट्टी. तवा तुम्ही यांच्याकडं पाह्यलं. एकदाच. मंग साहेबाला म्हणले, "राखण माझी व्हती. काय लिवायचं ते माझ्या नावावर लिवा." साहेब म्हणले, "कडूबा, अकरा वर्षं झाली तुम्हाला." तुम्ही घराकडं वळले. दुसऱ्या दिवशी आठच्या गाडीनं गेले.

औषध यांनी चोळलं, खरं हाय. रानडुकरं पेरलेलं बी उकरून खातात म्हून चोळलं. पण ते जमिनीत टोकायला. काठावर टाकायला न्हाई. पाखरांवर राग असता तर यांनी तुमच्याबरोबर लहानपणापासून घरटी मोजली असती का?

तुम्ही म्हणाल, तुला काय ठाऊक. ठाऊक हाय म्हून म्हणते.

चित्रबलाक एकतीस. पंधरा घरट्यांत पिल्लं दिसली, टिंबं काढली. चमचे अकराच.

शीला


९ जानेवारी २०२५

मामा, जयभीम.

दोन आठवडे लिवलं न्हाई. अंबडला जायला जमलं न्हाई, आन् इथल्या पेटीतला कागद कवा जातो कोणाला ठाऊक. आज बोधीच्या इंजेक्शनाला चालले, तिथूनच टाकीन.

वनखात्यानं सगळ्यांचा गाळपेरा मोडला. ट्रॅक्टर आणला. आपली मका तर पहिली गेली, पण मागून हरभरा, ज्वारी, काकासाहेबाच्या सुनंची वांगी, सगळंच. चौदा घरं. कोणाला काही इचारलं न्हाई. आता हापशावर गेले की बाया गप व्हतात. परवा काकासाहेबाची सून म्हणली, "कडूबानं जन्मभर पाखरं राखली आन् जाताना आमच्या पोटावर पाय दिला." मी कळशी अर्धीच भरली आन् आले. मागून म्हणली, "अर्ध्या कळशीनं पाप फिटत न्हाई गं." तिला काही ठाऊक न्हाई. ती सहज बोलली. पण माझ्या हातातली कळशी निसटली आन् पायावर पाणी सांडलं.

वनखात्याची जीप फाट्यावर दिसली की मी बोधीला घेऊन आत जाते आन् दार लावते. हे म्हणतात, "तू काऊन एवढी भेती? नाव तर दादांचं गेलंय."

यांचं सांगते. हे रोज अंबडला बांधकामावर जातात. आले की जेवतात आन् पडतात. काल भाकर मोडता मोडता म्हणले, "बापानं इचारावं तरी. राजा, तू टाकली का? एवढंच. मी न्हाई म्हणलो असतो. खोटं वाटलं असतं तर दोन ठिवून दिल्या असत्या. पण इचारलंच न्हाई. बघितलं आन् ठरवून टाकलं." मंग भाकर तशीच ठिवली. मी समोर बसले व्हते. भाजी वाढत व्हते. मी आणखी एक पळी वाढली.

मोनालीनं लिवलं की ५ फेब्रुवारीला अंबडच्या वन हापिसात तुम्हाला बोलावलंय. जबाबावर अंगठा लावायचा, गुन्हा कबूल म्हून. 'आबा म्हणतात, लावतो आन् मोकळा व्हतो.' तिनं असं बी लिवलं की कबूल केलं तर आबाला परत त्या तळ्यावर पाय ठिवता येणार न्हाई, दाजींना तिथल्या कोणीतरी सांगतलंय.

घाई करू नका, मामा. पाच तारखेला लई दिवस हायेत.

चित्रबलाक एकतीस, टिंबं चोवीस. चमचे नऊ, दोन घरटी वाऱ्यानं पडली. पलीकडच्या काठाला सात.

शीला


२१ जानेवारी

मामा,

आज मोजायला गेले न्हाई. अंगात कणकण हाय.

विहारात पौर्णिमेला वंदना झाली तवा गेल्ते. पहिलंच शील म्हणायची येळ आली आन् माझं तोंड उघडलं न्हाई. प्राणी मारणार न्हाई, ते. बाकीची चार म्हणले. आमच्या बापानं मोठ्या हौसेनं माझं नाव पंचशीला ठिवलं. शेजारी बसलेल्या म्हातारीनं कोपर मारलं, "झोपली का गं?"

तीनदा कागद लिवायला घेतला आन् तीनदा चुलीत टाकला. वहीचे कागद संपत आले.

मला एवढंच कळत न्हाई की तुमच्यापर्यंत जायला मधी मोनालीच्या तोंडातूनच काऊन जावं लागतं. तुम्हाला वाचता येत असतं तर मी कवाच लिवलं असतं. न्हाई. ते बी खरं न्हाई.

शीला


२८ जानेवारी

मामा, जयभीम.

मोनाली, इथून पुढं सावकाश वाच. तुझी आई बसली असंल तर बसू दे. दाजी असतील तर असू दे. एक ओळ गाळू नको. आबा 'थांब' म्हणले तरी थांबू नको.

मामा, पाखरं मी मारली.

माझं लग्न झालं त्या साली गाळपेऱ्याला आत्याबाईनं मला सोबत नेलं. पेरायच्या आदी त्या पाण्याच्या कडंला जाऊन उभ्या राह्यल्या, मूठ उघडली आन् काठावर दाणे टाकले. म्हणल्या, "आदी तुमचं, मंग आमचं." मला म्हणल्या, "ही पाखरांची मूठ. हिच्याबिगर आपल्या घरात पेरत न्हाईत. मी न्हाई राह्यले तर तू टाकायची." मी हसले व्हते. दोन महिन्यांनी त्या गेल्या. पुढच्या साली पाऊसच न्हाई, तळं कोरडं, पेरणी झालीच न्हाई. म्हून औंदा माझी पहिली पेरणी, त्यांच्याबिगर.

आन् बोधीचं तुम्हाला ठाऊक हाय. आठ दिवस नळीवर. आपण नवस करत न्हाई, पण मी तिथं फरशीवर बसून मनातल्या मनात बोलले, माझी वाचली तर औंदा एक मूठ न्हाई, पाखरांना पोटभर टाकीन.

त्या दिवशी हे पुढं काठीनं भोकं पाडत व्हते, मी मागून दाणे टोकत व्हते. यांनी माझ्या हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून दिली व्हती. म्हणले, "औषध हाय, पोरीला हात लावू नको." तवा मला ठाऊक न्हवतं असं मी म्हणू शकत न्हाई. मला एवढंच वाटलं की औषध किड्यामुंग्याचं हाय. एवढ्या मोठ्या पाखराला काय व्हतंय.

हे पाणी प्यायला बांधावर गेले. मी पदराच्या वट्यातली मका घेतली आन् कडंला गेले. पाच मुठी टाकल्या. आदी तुमचं, मंग आमचं, असं म्हणले बी. गवतातून एक हळदीकुंकवाचं बदक निघालं. मागं नऊ पिल्लं. मी बोधीला झोळीतून काढलं आन् दाखवलं. ते बदक खात व्हतं, मंग दुसरे आले, मंग थवाच आला. बोधी टाळ्या वाजवत व्हती. मामा, मला त्या टायमाला असं वाटलं की आत्याबाई बघून राह्यल्या.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आदी मीच गेल्ते. तुम्ही अजून चहा पित व्हते. ते बदक पालथं पडलं व्हतं आन् नऊच्या नऊ पिल्लं त्याच्याभवती पाण्यात फिरत व्हती, चोचीनं त्याला ढकलत व्हती. काठावर गुलाबी दाणे उरले व्हते. मी ते पायानं गाळात दाबले. बराबर ऐकलं तुम्ही. दाबले. मंग घरी आले आन् बोधीला पाजत बसले. तुम्ही वरडत आले तवा मी म्हणले, काय झालं मामा?

दिवस मावळेपर्यंत पिल्लं बी न्हवती. घारी फिरत व्हत्या.

पुढं काय झालं ते तुम्हाला ठाऊक. तुम्ही यांच्याकडं पाह्यलं, माझ्याकडं न्हाई. मी तिथंच उभी व्हते, दोन हातावर. तुमच्या मनातसुद्धा आलं न्हाई. एकदा इकडं बघितलं असतं तर मी तिथंच बोलले असते. असं मी दोन महिने मनाला सांगून राह्यले. पण ती बी पळवाटच हाय.

तुम्ही गेले आन् चुलीमागं गाडग्याची जागा मोकळी दिसली, गोल, राखंची. तवा आठवलं. त्या पेरणीला निघायच्या आदी आत्याबाईनं गाडग्यात हात घातला व्हता. राखंत ठिवलेलं घरचं बी, बिगर औषधाचं. पाखरांची मूठ त्या गाडग्यातली असायची. मी त्यांचा हात पाह्यला व्हता, हातात काय व्हतं ते पाह्यलं न्हवतं.

अजून एक. पलीकडच्या काठाचे आकडे खोटे हायेत. तीन बी खोटे आन् सात बी खोटे. त्या दिवसापासून मी त्या काठाला गेलेच न्हाई. बाभळीवरचे आन् चमच्याचे खरे हायेत, ते इकडून दिसतात.

यांना काल सांगतलं. यांनी हात उगारला. बोधी माझ्या कडेवर व्हती, हात तसाच वर राह्यला. मंग खाली घेतला आन् बाहेर जाऊन तुमच्या खाटंवर बसले. मी चहा नेला, घेतला न्हाई. अर्ध्या घंट्यानं आत आले आन् म्हणले, "औषध मी चोळलं. तुला नीट सांगतलं बी न्हाई. चल, दोघं जाऊ." मंग म्हणले, "दादांना वाटतं मी..." आन् रडले. मी यांना रडताना पाह्यलं न्हवतं.

मला लई भ्या वाटून राह्यलं, मामा. लोक म्हणतात जेल बी व्हते. बोधी अजून अंगावर पिती. वरचं दूध दिलं की उलटी करती. मला आत टाकलं तर ही काय खाईल, एवढंच डोक्यात फिरतं. याच्यापायीच गप बसले. दुसरं कारण न्हाई. असंल बी, पण हेच मोठं.

पाच तारखेला अंगठा लावू नका. मी येते. माझी सही मला येते.

उषाअक्का, तुम्हाला काय बोलायचं ते माझ्या तोंडावर बोला, मामाला बोलू नका.

मोनाली, वाचलंस. लई उपकार झाले गं. तुला असं वाचायला लावायला नको व्हतं.

शीला


७ फेब्रुवारी

मामा,

तुम्ही तिथं व्हते म्हून सगळं तुम्हाला ठाऊकच हाय, तरी लिवते. समोर काही बोलता आलं न्हाई.

मला वाटलं व्हतं तुम्ही येणार न्हाईत. आम्ही गेलो तर तुम्ही बाकड्यावर न बसता बाकड्याच्या खाली उकिडवे. पांढरा सदरा. वाळले लई.

मोठे साहेब मला म्हणले, "बाई, कोणी सांगून तर असं बोलून राह्यली न्हाई ना? सासऱ्याला वाचवायला?" मी म्हणले, न्हाई. मंग त्यांनी सगळं इचारलं. किती मुठी, कोणत्या जागंला, पिशवी कोणी बांधली. लिवणारा माणूस मधी मधी माझ्याकडं बघायचा. नऊ पिल्लांचं आलं तवा त्यानं पेन ठिवला आन् पाणी प्याला. यांनी आपलं सांगतलं, औषध माझं. मंग मी सही केली. पंचशीला राजानंद. 'पं' वाकडा आला.

साहेब म्हणले, केस तुमच्या दोघांच्या नावावर जाईल, तारखा पडतील, पोरगी लहान हाय ते लिवलंय, पुढचं कोर्ट बघंल. म्हणजे सुटले पण न्हाई आन् अडकले पण न्हाई. भ्या तेवढंच हाय, आता फक्त लपवायचं काही राह्यलं न्हाई.

तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलले न्हाई. मी पाया पडले तर पाय मागं घेतले. ठीक हाय. माझ्यासाठी तुम्ही आलेच न्हवते.

पण बाहेर आल्यावर यांना म्हणले, "राजा, चहा घे." आन् हापिसासमोरच्या टपरीवर दोघं उभे राह्यले. मी बोधीला घेऊन लिंबाखाली बसले व्हते. काय बोलले मला ऐकू आलं न्हाई. तुम्ही यांच्या शर्टाची कॉलर नीट केली एवढं दिसलं. मंग तुम्ही जालन्याच्या गाडीत बसले. बोधीनं हात हालवला, तुम्ही बी हालवला. तिलाच हालवला, मला कळतं ते.

यष्टीत येताना हे झोपले. दोन महिन्यांत पहिल्यांदा घोरले.

चित्रबलाक एकतीस घरटी, एकोणीस उडाली. आडव्या रेघा मारल्या. हे खरं हाय.

शीला


२३ फेब्रुवारी

मामा, जयभीम.

परवा अंबडच्या गाडीच्या कंडक्टरनं फाट्यावर एक बोचकं टाकलं. मच्छिंद्र घेऊन आला. म्हणला, "जालन्याहून आलंय, हलवू नका म्हणले, फुटंल." मोनालीची चिठ्ठीबिठ्ठी काहीच न्हवती.

फडकं सोडलं तर आत्याबाईचं गाडगं. तोंडाला आत्याबाईनं बांधलेलीच चिंधी. आत राख आन् राखंत ज्वारी.

मी लई येळ तिथंच बसले. तुम्ही काऊन पाठवलं ते मी कोणाला इचारलं न्हाई. हे म्हणले, "दादांना खोलीत ठिवायला जागा नसंल." मी म्हणले, असंल.

आज सकाळी बोधीला आदी पोटभर पाजून घेतलं. मंग गाडग्यात हात घातला, मूठभर ज्वारी काढली, राख फुंकली. त्यातले पाच-सात दाणे मी माझ्या तोंडात टाकले आन् चावून खाल्ले. आन् बसून राह्यले. भांडी घासली न्हाईत, झाडलं न्हाई. बोधीला शेजारच्या म्हातारीजवळ दिलं. दुपार झाली. मला काही झालं न्हाई.

मंग मूठ घेऊन पलीकडच्या काठाला गेले. नव्वद दिवसांनी. मच्छिंद्र बोर्डाखालून वरडला, "तिकडं कुठं, काही न्हाई तिकडं!" खरंच काही न्हाई. ट्रॅक्टरनं गवत मोडलंय, आपल्या पट्टीत मकंची खोडं सुकून पडलीत. मी सगळा काठ पायानं फिरले, गवतात हातानं बघितलं. घरटं न्हाई. हळदीकुंकवाचं बदक एक बी न्हाई. पाण्यात लांब दोन टिबुकल्या बुड्या मारत व्हत्या, बस.

मंग मी मूठ उघडली. आदी तुमचं, म्हणले. पुढचं म्हणायचं काही राह्यलं न्हाई. आमचं आता तिथं काही पेरलेलं न्हाई.

दाणे पडून राह्यले. मी थांबले न्हाई, बोधी रडत असंल म्हून आले.

खोपीच्या भिंतीवर त्या काठाची जागा मी पुसली. खोट्या रेघा मीच काढल्या व्हत्या तिथं, सात. चुना ओल्या फडक्यानं निघाला. आता तेवढी भिंत कोरी हाय. तिथं रेघ कवा काढायची ते तुम्ही येऊन बघा, माझ्या डोळ्यावर आता भरोसा ठिवू नका.

शीला